रघुपतीरावांचं नाक

नित्याचं बारसं झालं दोन हजार बावीसच्या आषाढात. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत मूल पाळण्याखालून वर, वरून खाली फिरलं आणि शेवटी आजोबांच्या मांडीवर आलं. त्या बारा दिवसांच्या पोरीनं आजोबांच्या नव्या जरीकाठी वेष्टीवर, धोतरावर, आंबलेल्या दुधाची गुठळी ओकून टाकली. रघुपतीरावांनी मूल दोन्ही हातांवर लांब धरलं, "घ्या, कुणीतरी घ्या हिला" म्हणून ओरडले, आणि पानं वाढलेली असताना तीनदा अंघोळ करून आले. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्या बारशाची गोष्ट निघते ती या तीन अंघोळींसाठी.

रघुपतीरावांचं नाक फार तिखट होतं. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत त्यांनी सारी नोकरी काढली. रोज बसनं जायचे. बसची दांडी हातरुमालात गुंडाळून धरायचे, पाणी घरून सोंबूत, तांब्यात, न्यायचे, आणि इतक्या वर्षांत कचेरीसमोरच्या दुकानातला चहा त्यांनी जिभेला लावला नाही. कुणी शिंकलं की कागद बाजूला सारायचे. घरात त्यांची मडी होती, म्हणजे सोवळं, आणि त्या मडीचा धाक देवापेक्षा जास्त. गंगाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "देवाला हात लावला तर चालतो, यांच्या दोरीवरच्या वेष्टीला नाही."

त्यांच्या मनात एक समजूत पक्की बसली होती. बायकांना किळस येत नाही. मूल हगलं, ओकलं, शेंबडानं भरलं, तरी बाई हसत हसत पुसते, त्या अर्थी देवानं तिला ते नाकच दिलेलं नाही. आपल्याला दिलंय, हा आपला दोष थोडाच.

सून विनुता पापनाशमची. बँकेत नोकरीला. कॉलेजात असल्यापासून धावणारी. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात तिनं बूट बाहेर काढले आणि पहाटे गल्लीतून पळायला लागली. ती परत यायची तेव्हा रघुपतीराव तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, कॉफी पीत बसलेले असायचे. तिच्या कपाळावर घाम वाळून मिठाची पूड झालेली असायची. बनियनवर छातीशी दुधाचे दोन ओले गोल. बूट काढले की त्यातून जो वास सुटे तो थेट कॉफीत उतरे. रघुपतीराव तोंड फिरवून बसायचे, उरलेली कॉफी तुळशीपलीकडं ओतायचे.

"गंगा, तिला मागच्या दारानं यायला सांग."

"मागचं दार तुमच्या मडीसाठी ठेवलंय ना? तिनं कुठनं यावं, छपरावरनं?"

मार्गशीर्षात बातमी आली की जानेवारीत मॅरेथॉन आहे. राजवाड्यापासून ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रमपर्यंत, जुन्या धर्मशाळेपर्यंत, जायचं आणि परत यायचं, बेचाळीस किलोमीटर. विनुतानं नाव घातलं. जेवताना सांगितलं, तेही नित्याला पाजता पाजता, पदराआडून.

"सहा महिन्यांची पोर टाकून?" रघुपतीराव म्हणाले.

"टाकून नाही, मामंजी. निघताना पाजीन. अर्ध्या वाटेवर छत्रमच्या पायरीशी तिला घेऊन या, तिथं पाजीन. मग परत. ती बाटली घेत नाही, अजून भात उष्टावला नाही, म्हणून एवढंच करायचं. मुदतीत परत आले पाहिजे, नाहीतर रस्ता गाड्यांना सोडतात आणि शेवटाला दोर ओढतात."

"आणि हे कशासाठी?"

"वर्ष-दीड वर्ष हे अंग हिचंच आहे. एकदा माझं म्हणून चालवून बघते."

अंगाची अशी भाषा पानावर बसून ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ताक मागितलं.

आता पुढचा घोळ वरुणरावाचा, त्यांच्या मुलाचा. पौष वद्य तृतीयेला रघुपतीरावांच्या आईचं श्राद्ध. गेल्या वर्षी ते तमिळांच्या तै महिन्यात पडलं होतं, म्हणून वरुणरावानं भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरात यंदाच्या तै महिन्यातली तृतीया शोधली, ती फेब्रुवारीत निघाली, आणि त्यानं बायकोला हिरवा कंदील दिला. शेजारचे तमिळ लोक महिना सूर्यावर मोजतात, आपले लोक चंद्रावर, हे त्याला लहानपणापासून सांगूनही लक्षात राहिलं नव्हतं. भटजींकडून निरोप आला तेव्हा रघुपतीरावांनी त्याला हाक मारली.

"ती पळापळ कधी आहे म्हणालास?"

"आठ तारखेला, अप्पा. रविवारी."

"आणि नऊला काय आहे?"

"सोमवार."

"सोमवार! तुझ्या आजीचं श्राद्ध आहे, सोमवार म्हणे."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी कर्त्यानं एकवेळ जेवायचं, शुद्ध राहायचं, कुठं विटाळायचं नाही. रघुपतीरावांनी ठरवलं की रविवारी आपण देवघराबाहेर पाऊल टाकायचं नाही. विनुता म्हणाली, "धावणं रविवारी, श्राद्ध सोमवारी. सोमवारी पहाटे न्हाऊन मी वडे तळायला उभी राहते." गंगाबाई नातीला घेऊन जाणार, वरुणराव गाडी चालवणार, असं जमलंही.

शनिवारी दुपारी उडदाचं पातेलं उचलताना गंगाबाईंची कंबर धरली. त्या आडव्या झाल्या त्या कूस बदलेनात. नंबराचा कागद शर्टाला टाचून ठेवला होता, तो सोडवून विनुतानं कपाटात ठेवला आणि मुलीच्या लंगोटांच्या घड्या घालायला बसली. गंगाबाईंनी ते पलंगावरून पाहिलं.

"अहो, उद्या तुम्ही जा."

"मी? उद्या? तुला वेड लागलं?"

"गाडीत बसायचं, पायरीवर बसायचं, मूल धरायचं. जळतं लाकूड नाही ते."

"उद्या माझी मडी आहे."

"आणि परवा स्वयंपाक कोण करणार? माझी कंबर बघा. विनुता करणार. तिनं तुमच्या आईचे वडे तळायचे, आणि तुम्ही तिचं मूल घटकाभर धरायचं नाही? तुमच्या आईनं तुमचं सगळं काय गुलाबपाण्यानं धुतलं होतं?"

विनुतानं कपाटातून कागद काढला, पण टाचण्याआधी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. "पायरीवरच असाल ना, मामंजी? पुढच्या?"

"असेन," ते म्हणाले.

रविवारी विनुता पोरीला पाजून शर्यतीला गेली आणि मागाहून, अंधार असतानाच, गाडी निघाली. तमिळ मार्गळी महिन्याचे दिवस, म्हणून गल्लीतल्या बायकांनी पहाटेच सडा घालून मोठमोठ्या रांगोळ्या काढल्या होत्या, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याची पिवळी फुलं खोचली होती. धावणारे त्यांवरून गेले होते. फुलं आणि शेण एकजीव होऊन बुटांच्या ठशाठशांनी कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं. रघुपतीरावांनी काच वर केली. नित्या त्यांच्या मांडीवर जाड तुंडूत, टॉवेलात, गुंडाळलेली झोपली होती, आणि ते तिला धरून नव्हते; दोन्ही बाजूंना हात धरून बसले होते, टेबलावरून काहीतरी पडू नये म्हणून बसतात तसे.

छत्रमपाशी पोलीस गाडी थांबू देईनात. वरुणरावानं त्यांना पायरीवर उतरवलं, पिशवी आणि पाण्याचा सोंबू हातात दिला. "गाडी लावून पाच मिनिटांत आलो, अप्पा." आणि गेला.

कचेरीच्या दिवसांत रघुपतीराव याच छत्रमच्या सावलीत डबा खायचे. तेव्हा तिथं कबुतरं असायची आणि शांतता. आज तिथं कर्णा ओरडत होता. पायरीवर केळ्यांच्या साली, चुरगळलेले कागदी पेले, गोड चिकट औषधाच्या फाडलेल्या पुड्या. कोरीव खांबाला एक गृहस्थ पाय टेकून मांडीला मलम चोळत होता. त्या मलमाचा वास, घामाचा वास आणि पिकल्या केळ्याचा वास मिळून असा झाला होता की श्वास तोंडानं घ्यावा तर जिभेवर बसेल. दुसरा एक जण आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि भडाभडा ओकला. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सूपर, अण्णा, सूपर!" भिंतीच्या कडेनं तिघे ओळीनं लघवीला उभे, आणि कर्ण्यातला माणूस सांगत होता की आज आपलं गाव आरोग्याच्या मार्गावर निघालं आहे.

रघुपतीरावांनी पदर नाकाला लावावा तसं वेष्टीचं टोक नाकाला लावलं. तेवढ्यात नित्या जागी झाली, त्यांच्याकडं बघून हसली, लाल झाली, कुंथली.

जे झालं ते डायपरात मावणारं नव्हतं. ते पातळ, पिवळंधमक, पाठीवरून मानेपर्यंत चढलं आणि तुंडूतून झिरपून वेष्टीवर, वेष्टीतून मांडीवर उतरलं. ऊन लागावं तसं ते त्यांना लागलं. त्यांना हुंदका आल्यासारखी ओकारी आली. चहूकडं पाहिलं. वरुणरावाचा पत्ता नाही. पिशवीत स्वच्छ कपडे होते, कापसाचे ओले रुमाल होते, गंगाबाईंनी सारं लावून दिलं होतं. त्यांना ते दिसलं नाही. त्यांना एकच दिसत होतं, उद्याचं पान आणि आजचं हे अंग. छत्रमच्या मागच्या अंगाला नळ आहे हे त्यांना ठाऊक होतं. पोरीला त्या भरल्या तुंडूसकट लांब धरून, जवळजवळ पळत, ते मागं गेले. जाताना धावणाऱ्यांची एक टोळी पुढच्या पायरीकडं येत होती, पण त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

नळाच्या अलीकडं दगडी कट्टा होता. तिथं त्यांनी तुंडू पसरला, नित्याला ठेवलं आणि चार पावलं दूर जाऊन नळ सोडला. डोक्यावरून एक सोंबू, दोन, पाच. मांडी मातीनं घासली. पुन्हा पाणी. गंगा, यमुना, कावेरी, सगळ्यांना बोलावून झालं. नित्या रडायला लागली. नुकतं न्हालेलं अंग; आता तिला हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून. वरुणराव येईल, ते स्वतःशी म्हणाले. ते ओल्या वेष्टीत हात जोडून तिथंच उभे राहिले आणि डोळे मिटून नावं घ्यायला लागले. पोर किंचाळत होती तशी ते आवाज चढवत होते.

"मामंजी."

विनुता पुढच्या पायरीवर बराच वेळ उभी होती. पाणी वाटणाऱ्या पोरींना विचारलं, रस्त्यापलीकडं जाऊन आली, पोलिसाला विचारलं. मग रडणं ऐकून तिला दूध सुटलं आणि त्या आवाजाच्या मागं ती आली. रघुपतीरावांनी डोळे उघडले. कट्ट्यावर नित्याभोवती माश्यांचं मोहोळ उठलं होतं. पाठीखालून लाल मुंग्यांची रांग निघाली होती आणि एक मुंगी पोरीच्या पापणीवर चालत होती.

ते त्यांनीही आत्ताच पाहिलं.

विनुतानं पोर उचलली, फुंकर मारून पापणी मोकळी केली, मुंग्या झटकल्या. "पाणी," ती म्हणाली. ते सोंबू घेऊन आले आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून उंचावरून ओतायला लागले. "जवळ या. तिच्या नाकात जातंय." ते जवळ आले. तिनं बोटांनी, नखांनी, पोरीच्या मानेच्या घड्यांतली घाण काढली, आणि मध्येच थांबली. मान वळवली. तिला ओकारी आली. कोरडी, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी आणणारी. पुन्हा आली. रघुपतीराव बघतच राहिले.

"काय बघता? वास येतो मला."

"तुला?"

"मग? बाळंतिणीचं नाक बारशालाच कापून ठेवतात असं वाटलं तुम्हाला?" तिनं तोंड दंडाला पुसलं आणि परत मानेच्या घडीत बोट घातलं. "रोज येतो. हिचा येतो, माझा येतो. मी आंबलेल्या ताकासारखी वास मारते, ते मला कळत नाही? तुम्ही कॉफी ओतता ते दिसत नाही?"

मग ती तिथंच ओल्या दगडावर बसली आणि पोरीला छातीशी घेतलं. रघुपतीराव पाठ करून उभे राहिले. पोरीच्या गटागटा पिण्याचा आवाज आणि पुढून कर्ण्याचा आवाज. दुसरी बाजू झाल्यावर विनुता उठली.

"हे आले नाहीत?"

"गाडी लावायला गेलाय."

"केव्हा?"

विनुतानं रस्त्याकडं पाहिलं. तिच्याबरोबर आलेले केव्हाच वळून परत निघाले होते. तिनं पोर पुढं केली. "धरा."

"मी न्हालोय, विनुता. उद्या आईचं—"

"धरता, का बसू मी इथंच?" आवाज चढला नव्हता. हिशेबी माणूस विचारतो तसं तिनं विचारलं. रघुपतीरावांनी तिच्या हातांकडं पाहिलं. नखांत पिवळं अडकलेलं होतं.

त्यांनी पोर घेतली. विनुता पळत सुटली.

वरुणराव आला तेव्हा नित्या आजोबांच्या ओल्या खांद्यावर ढेकर देत होती. वरुणरावाच्या हातात कागदी पेल्यात कॉफी होती. "विनुताच्या बँकेतले भेटले, अप्पा. सोडेनात. पाजून झालं? व्वा!" त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, अंगाला अत्तराचा मंद वास येत होता. सकाळपासून इतके वास सोसलेल्या रघुपतीरावांना मळमळलं ते या वासानं. असा स्वच्छ माणूस त्यांनी कुठंतरी पाहिला होता. आरशातच पाहिला होता.

राजवाड्याच्या दारात ते परतले तेव्हा शेवटाची मुदत भरत आली होती. वरुणरावानं मुलीला कडेवर घेतलं, तोच कर्णेवाल्यानं त्याला पाहिलं. "बायको धावतेय आणि बाबा बाळ सांभाळताहेत! टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. वरुणरावानं नित्याचा हात धरून हलवला. रघुपतीरावांना वाटलं, त्या कर्ण्यात जाऊन ओकावं.

दोर ओढला गेला. मंडप सोडायला माणसं चढली, कुत्री साली चाटायला आली, आणि मग विनुता कोपऱ्यावर दिसली. पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. "मुदत संपली, अक्का," दोर धरलेला म्हणाला. तिनं ऐकलं, खाली वाकली, दोराखालून आत गेली, दाराच्या खांबाला हात लावला आणि खांबाशीच पिवळं पाणी ओकली. पदकांची पेटी तोवर टेम्पोत चढली होती.

"थोडक्यात गेलं गं," वरुणराव म्हणाला. "उशीर कुठं झाला?"

विनुतानं रघुपतीरावांकडं पाहिलं नाही. "वाटेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन, नऊवारी नेसून, पाय लंगडत असताना तिनं वडे तळले, पानं वाढली. पिंड घातले, कावळा आला, भटजी तृप्त होऊन गेले. रघुपतीराव जेवायला बसले आणि त्यांची नजर भात वाढणाऱ्या तिच्या नखांवर गेली. नखं कापलेली होती, स्वच्छ होती. तरी त्यांना घास उतरेना. किळस आली होती. पण नखांची नव्हती. हात जोडून नावं घेणारा तो ओला म्हातारा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिनं घरात सांगितलं असतं, चार शब्द बोलली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. तिनं गंगाबाईंनाही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी शर्यत भरलीच नाही. पैसे घालणारा कुणी मिळाला नाही म्हणे.

सवयी काही गेल्या नाहीत. रघुपतीराव तसेच तीनदा न्हायचे. एवढं मात्र झालं की विनुता धावून आली तरी ते तिण्णैवरून तोंड फिरवत नसत. नाक आवळून, पण कॉफी संपवत.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. गंगाबाईंच्यानं उचलवत नव्हतं. ठेवलेली बाई दोन दिवसांत सोडून गेली. वरुणराव अप्पांच्या खोलीत यायचा, वास आला की फोन आल्यासारखा बाहेर जायचा. पहिल्या दिवशी विनुता बादली, कापड घेऊन आली तेव्हा तिनं नाकावर रुमाल बांधलेला होता. रघुपतीरावांनी डोळे मिटून घेतले.

"कि... किळस," ते म्हणाले. बाकीचं वाक्य जिभेवरून सरकेना.

"येते," विनुता म्हणाली. "भरपूर येते. कुशीवर व्हा, मामंजी."

ती कधी हसून करत नसे. तोंड वाकडं करी, मध्येच खिडकीशी जाऊन श्वास घेऊन येई, एकदा मोरीत जाऊन ओकूनही आली. परत येऊन उरलेलं पुसलं. दुसरं कुणी आलं तर रघुपतीराव डावा हात हलवून घालवून देत. ती आली की कुशीवर व्हायला आपण होऊन धडपडत.

रघुपतीराव वारले ते दोन हजार पंचवीस साली, माघ वद्य पंचमीला, सोमवारी सकाळी.